पद्माने तोंड उघडायचं नाही

पद्माला काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं, की आपलं काहीतरी लक्षात यायचं राहून गेलंय, याची तिला काळजी वाटे. सकाळी अलिबागच्या रिक्षात बसली की गॅस बंद केला का, हे विचारायला ती घरी फोन करी. मार्तंड, म्हणजे तिचा नवरा, वाडीत नारळ मोजत असला तरी "हो, केलाय" म्हणून सांगे. मग तिला नवी काळजी लागे, की हा स्वयंपाकघरात न जाताच हो म्हणतोय.

अलिबागला ती एका नोटरीच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. दिवसभर समोर माणसं उभी राहून सत्य प्रतिज्ञेवर काहीबाही कथन करत असायची. त्यातलं निम्मं खोटं असतं, हे पद्माला नुसत्या चेहऱ्यांवरून कळे. म्हणूनच की काय, स्वतः ती शपथेच्या वाटेला सहसा जात नसे. आणि गेलीच, तर मोडत नसे.

अशा बाईकडून तिच्या मुलाने, सलिलने, शपथ घेतली होती.

त्याला कारण मागच्या वर्षीची मॅच. गावच्या हायस्कुलात दरवर्षी डिसेंबरअखेर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो आणि त्या दिवशी माजी विरुद्ध शाळा असा फुटबॉलचा सामना होतो. मागच्या वर्षी सलिल पहिल्यांदाच शाळेकडून खेळला. खेळता खेळता तो पडला. पोरं पडतात तसाच पडला आणि उठलाही. पण तोवर पद्मा हातात इलेक्ट्रालची बाटली घेऊन मैदानाच्या मधोमध पोचली होती. शाळेच्या पोराने मारलेला, सरळ गोलात जाणारा बॉल तिच्या पाठीवर आदळला आणि भलतीकडे गेला. शाळा हरली. रेफरी भागोजी सरांनी खिशातून पिवळं कार्ड काढून पद्माला दाखवलं. कार्ड मिळालेली ती गावातली पहिली आई. सलिलला वर्गात वर्षभर 'इलेक्ट्राल' म्हणून हाक मारत होते.

यंदा तो नववीत होता, आघाडीला खेळत होता, आणि पुढच्या महिन्यात शाळेचा संघ अलिबागला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होता. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्याने आईला ओट्यापाशी गाठलं.

"आई, उद्या ये. पण मैदानात पाय टाकायचा नाही, आणि तोंड उघडायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"आणि तुला लागलं तर?"

"तर मी ओरडेन. तू नाही. एक शब्द जरी काढलास ना, तर अलिबागच्या मॅचला तू यायचं नाहीस."

"अरे, माझं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर आहे!"

"म्हणून तर सांगतोय. घे शपथ."

पद्माने मार्तंडकडे पाहिलं. मार्तंडने कढीत मान घातली. यंदा तो माजींच्या संघात होता, आणि स्वतःच्या बाबतीत असली काही अट निघू नये म्हणून गप्प होता. दिवाळीत माडाच्या आळ्यात पाय जाऊन त्याचा गुडघा दुखावला होता आणि डॉक्टरांनी उकिडवंसुद्धा बसू नका म्हणून सांगितलं होतं. त्यावर त्याचं म्हणणं, "मी गोलकीपर आहे. गोलकीपरला पळावं लागत नाही."

पद्माने शपथ घेतली. अलिबागच्या मॅचला मुलाला बघायला मिळणार नसेल, तर ऑफिसात बसून तिच्या हातून कुणाच्या प्रतिज्ञापत्रात काय टाइप झालं असतं, देव जाणे.

आता या सामन्याची एक गंमत आहे. शाळेचं पटांगण एवढंसं, की दोन्ही गोलकीपरनी हात लांब केले तर एकमेकांना टाळी देतील. त्यामुळे सामना समुद्रावर. ओहोटीला पाणी लांब गेलं की खाली घट्ट, ओली वाळू उघडी पडते. तिथे चार बांबू रोवायचे, त्यांना जुनी जाळी बांधायची. एक गोल सुरूच्या बनाकडे, एक समुद्राकडे. वेळ घड्याळाने धरत नाहीत. पाणी उतरलं की सुरू करायचं, आणि भरतीची लाट समुद्राकडच्या गोलाच्या रेघेला लागली की शिट्टी. हरलेल्या संघाने रात्रीच्या जेवणाची पातेली घासायची. हे कुणी ठरवलं, ते कुणालाच ठाऊक नाही. पण पातेल्यांच्या भीतीने माजी विद्यार्थी जेवढं पळतात, तेवढं शाळेत असताना छडीच्या भीतीनेही पळाले नसतील.

त्या दिवशी द्वादशी होती. दुपारी पाणी उतरणार आणि संध्याकाळी चढणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मुंबईहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. ते शाळेबद्दल बोलले, गुरुजनांबद्दल बोलले, मग स्वतःबद्दल बोलायला लागले आणि तिथे रमले. मग शाल, श्रीफळ. नारळ मार्तंडच्या वाडीतलेच होते, त्यामुळे ते दरवर्षी फिरून त्याच्याच मित्रांच्या हातात यायचे. सत्कार संपून मंडळी समुद्रावर पोचली, तेव्हा पाणी जाऊन जिथे पोचायचं तिथे पोचून परत निघालं होतं.

"आता हाफटाइम न्हाय, बाजू बदलायची न्हाय," भागोजी सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडत जाहीर केलं. "पानी लागलं की मॅच खलास. समुद्राला एक्स्ट्रा टाइम म्हाईत न्हाय."

नाणेफेक माजी हरले. त्यांच्या वाट्याला समुद्राकडचा गोल आला. मार्तंड गुडघ्याला पट्टा बांधून, समुद्राकडे पाठ करून, दोन बांबूंच्या मध्ये जाऊन उभा राहिला. लांबून तो होडीची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखा दिसत होता.

माजींचा कप्तान हमदुल्ला. मार्तंडचा बालमित्र, कुवेतला नोकरीला, आणि या मॅचसाठी रजा काढून येणारा. त्याची बायको जुलेखा पद्माशेजारी सतरंजीवर बसली होती. सामना सुरू व्हायच्या आधीच शपथेची गोष्ट पद्माने तिच्या कानावर घातली, तशी जुलेखाने पर्समधून डबा काढला.

"कुवेतचे खजूर आहेत. तुला ओरडावंसं वाटलं की मी एक तोंडात घालते. तोंड भरलेलं असलं की शब्द कुठून निघेल?"

"पण मला शुगरची भीती वाटते गं."

"मग काय ते निवड. शुगर की अलिबाग?"

पद्माने आ केला.

उपाय नामी होता. सलिलला धक्का बसला, खजूर. सलिल घसरला, खजूर. सलिलने बॉल डोक्याने मारला, तेव्हा पद्माने जुलेखाचं बोटच चावलं. शेजारी तिची पिशवी होती. पिशवीत इलेक्ट्राल, क्रेप बँडेज, हळद, टॉर्च, सलिलचा स्वेटर आणि एक जादा चड्डी. पिशवी जुलेखाने स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवली होती.

थोड्या वेळाने पद्माला स्वतःलाच एक युक्ती सुचली. सलिलकडे बघायचंच नाही. दिसलं नाही तर ओरडणार कशाला? पण सामन्याला येऊन कुठेतरी बघायला तर हवं. म्हणून ती मार्तंडकडे बघू लागली. मार्तंड एका जागी उभा होता. त्याच्याकडे बघण्यात धोका नव्हता.

इकडे सामना रंगात आला होता. माजींची दमछाक झाली होती. हमदुल्ला बॉल आला की आधी कमरेवर हात ठेवी आणि मग विचार करी. तरी गोल एकही झाला नव्हता. कारण शाळेच्या पोरांनी मारलेला बॉल समुद्राकडच्या मऊ झालेल्या वाळूत रुतून बसे आणि मार्तंड सावकाश चालत जाऊन तो उचलून आणी.

"बाबांना लाज वाटायला पाहिजे," सलिल ओरडला. "बॉल उचलतायत की नारळ!"

"तुझ्या दप्तराचे पैसे नारळातूनच आलेत रे!" मार्तंडने गोलातून उत्तर दिलं. प्रेक्षक हसले.

पाणी जवळ येत होतं. आधी मार्तंडच्या मागे नुसता फेस दिसला. मग लाटेचा आवाज मोठा झाला. एक आगाऊ लाट रेघेपासून वीतभर अंतरावर थांबली आणि परत गेली. तिच्याकडे वळून बघताना मार्तंडच्या टाचांखालची वाळू थोडी सरकली. मार्तंडने तोल सावरला. पट्टा बांधलेला पाय जरा वाकडा झाला.

वीस वर्षं ज्या काळज्या पद्माने मुलावर, गॅसवर, कुलपावर आणि पाण्याच्या टाकीवर वाटून टाकल्या होत्या, त्या आज सगळ्या मोकळ्या पडल्या होत्या. मुलाकडे बघायचं नाही म्हटल्यावर त्या जाणार कुठे? सगळ्या जाऊन त्या गुडघ्यावर बसल्या.

"जुलेखा, खजूर," ती दबक्या आवाजात म्हणाली. नेहमीचा श्वास टाकावा इतकं हळू, म्हणून तो शब्द कुणी धरला नाही.

पण जुलेखा जागेवर नव्हती. ती उभी राहून, हातातला डबा हलवत, नवऱ्याला ओरडत होती. "अहो, धावा की! विमान पकडायचं असलं की कसे धावता! तो पोरगा निघाला, बघा, निघाला!"

निघालेला पोरगा सलिल होता. हमदुल्लाला चकवून, बॉल पायात घेऊन तो एकटा समुद्राकडे सुटला होता. समोर फक्त त्याचा बाप. बापाच्या मागे एक मोठी लाट उभी राहत होती. भागोजी सर शिट्टी तोंडात धरून रेघेकडे डोळे लावून पळत होते. सगळा किनारा ओरडत होता. मार्तंडने दोन्ही हात पसरले, बिबट्यासारखा खाली वाकला आणि उजवीकडे झेप घ्यायला दुखरा पाय वाळूत रोवला.

"अहो! गुडघा!"

हा आवाज पद्माचा आहे, हे पद्माला सगळ्यात शेवटी कळलं. तो सुरूच्या बनापर्यंत गेला असावा, कारण तिथले कावळे उडाले. आणि मार्तंडने वीस वर्षांच्या संसारात जे केलं होतं, तेच केलं. पद्माने सांगितलं, की आधी बघायचं, मग विचार करायचा. त्याने झेप अर्ध्यावर सोडली आणि मान खाली घालून गुडघ्याकडे पाहिलं.

गुडघा ठीक होता. बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला, जाळ्यात अडकला, आणि मागून आलेल्या लाटेने बॉल, जाळं आणि गोलकीपर, तिघांनाही भिजवलं. शिट्टी वाजली.

मग जे व्हायचं ते झालं. माजी भागोजी सरांभोवती गोळा झाले. "सर, हे फाउल आहे," हमदुल्ला धापा टाकत म्हणाला. "गोलकीपरला त्याच्या बायकोने घाबरवलं!"

"ती मैदानात आली का? न्हाय," सर म्हणाले. "मागल्या वर्षी आली, तवा कार्ड दिलं. आन् ओरडनं फाउल धरलं, तर या गावात आजवर एक तरी मॅच पुरी झाली असती का? तुझी बायको काय जपमाळ वडत व्हती?"

हमदुल्लाने जुलेखाकडे पाहिलं. जुलेखाने शेवटचा खजूर स्वतःच्या तोंडात टाकला.

गोल झाला तो झाला. पोरांनी सलिलला खांद्यावर घेतलं. पद्मा मात्र सतरंजीवर बसून होती. शाळा जिंकली होती, मार्तंडचा गुडघा शाबूत होता, सलिलला खरचटलंसुद्धा नव्हतं. काळजी करायला गावात काही उरलं नव्हतं, आणि तरी तिचा चेहरा उतरला होता. शब्द दोन होते. सलिलने एकाचीही सूट दिली नव्हती.

जेवणं झाल्यावर शाळेच्या नळापाशी माजी विद्यार्थी पातेली घासत बसले. मार्तंडला उकिडवं बसायची मनाई होती, म्हणून तो खुर्चीत बसून घासत होता आणि हमदुल्ला त्याला "साहेब, राख आणू का?" म्हणून छळत होता.

"तुझ्या बायकोने मला हरवलं," हमदुल्ला म्हणाला.

"तुला आज," मार्तंड म्हणाला. "माझं रोजचं आहे."

पायरीवर सलिल आईसक्रीम खात बसला होता. पद्मा त्याच्याजवळ जाऊन बसली. स्वेटर आणलाय, हे तिने सांगितलं नाही. नुसता त्याच्या मांडीवर ठेवला.

"हरले रे मी," ती म्हणाली. "शपथ मोडली. अलिबागला नाही येणार. ऑफिसात बसून राहीन. मॅच संपली की तेवढा एक फोन कर. हातपाय जागेवर आहेत, एवढंच सांग."

सलिलने चमचा चाटला.

"पोरं काय म्हणतायत माहितीये?" तो म्हणाला. "म्हणतायत, काकूंना अलिबागला आणायचंच."

"कशाला? हसायला?"

"नाही. कप्तान म्हणाला, त्यांना समोरच्या गोलकीपरच्या मागे उभं करू." तो आईकडे न बघता म्हणाला, "माझं नाव नाही घ्यायचं. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्याच्याकडे बघायचं. मग तुला काय ओरडायचं ते ओरड."

पद्माच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने राखेच्या धुरावर ढकललं. धूर कुठेच नव्हता. सलिलने स्वेटर अंगात घातला. न सांगता घातला, हे तिने मनात टिपून ठेवलं.

घरी जाताना मार्तंड नेहमीसारखा लंगडत होता, सलिल पुढे बॉल उडवत चालला होता. पुलापाशी आल्यावर पद्माने हाक मारलीच.

"सलिल, तो समोरचा गोलकीपर कुठल्या शाळेचा रे?"

"मला काय माहीत? अजून ड्रॉ पडायचाय."

"नाही, म्हणजे केवढा असेल तो? तुझ्याएवढाच ना? त्याच्या घरचं कुणी येणार असेल का बरोबर?"

"आई!"

"सहज विचारलं रे," पद्मा म्हणाली. घरी पोचल्यावर तिने पिशवी रिकामी केली आणि कपाटातून आणखी एक क्रेप बँडेज काढून तिच्यात टाकलं. त्या पोराच्या गुडघ्याचं कुणी बघत असेल की नाही, कोण जाणे.