रांगेतली सॅक

काळाचौकीच्या आमच्या चाळीत नळ एकच होता. आई रांगेत बादली ठेवून लोकांची धुणीभांडी करायला जायची. शेजारणी तिची बादली पुढे सरकवत राहायच्या.

मोठेपणी व्हिएतनाममध्ये डोंगरात फिरताना माझ्या दोन बस चुकल्या. दुसऱ्या दिवशीचं विमान गाठायचं तर आता ही शेवटचीच. सवयीने मी रांगेत सॅक ठेवली आणि पाणी आणायला गेलो. परतलो तर रांग धुक्यात कितीतरी पुढे गेलेली. माझ्यामागची म्हातारी पान चघळत, पायाने माझी सॅक हळूहळू पुढे ढकलत होती. क्षणभर वाटलं, मी आमच्या नळावरच उभा आहे.

"थँक यू, मावशी."

ती लाल दात दाखवत हसली. "बॅग फास्ट. यू स्लो!"

मला शेवटची सीट मिळाली, विमानही मिळालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणजे मी, स्वतःच्या कमाईने परदेश बघून आलो.