जहाजावरचा खुटबावकर

जहाजावर मी केबिन साफ करायचो. तो आमच्याच भागातला, खुटबावचा इलेक्ट्रिशियन. प्रवाशांनी आणलेले एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीनं काढून घ्यायचे, हे त्याचं रोजचं काम. लोक चिडायचे. तो मान खाली घालून "सॉरी सर" म्हणायचा.

एका म्हाताऱ्या बाईंचं श्वासाचं मशीन अशाच बोर्डावर चालायचं, कारण भिंतीतला प्लग पलंगापासून लांब होता. त्यानं बोर्ड घेतलाच. मग मला हाक मारून जड पलंग प्लगापर्यंत ओढला, मशीन लावलं आणि ते नीट चालेपर्यंत तिथंच उभा राहिला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दमलास गड्या."

"व्हय. घरी आबांना बी असलंच मशीन हाय," तो म्हणाला. "तिथं लाईट गेली की आई एकलीच असती."

आणि त्यानं शेजारचं दार वाजवलं.