प्लास्टिकच्या जिराफाखाली हळदीकुंकू

माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र असं होतं: हॉटेलची मोठी खिडकी, बाहेर जानेवारीचं कोवळं ऊन, आणि आई खुर्चीत पाय पसरून दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा पिते आहे.

आणि प्रत्यक्षात काय दिसलं? लॉबीत, प्लास्टिकच्या भल्यामोठ्या जिराफाखाली, आई उभी. एका हातात कुंकू, दुसऱ्या हातात शॅम्पूची बाटली. समोर काठपदराच्या साड्या नेसलेल्या बायकांची रांग. आणि रांगेच्या अगदी शेवटी, कपाळ पुढे करून, हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी!

हे कुणी घडवून आणलं? मी. अहो, इतका घोळ घालायला परदेशी शिक्षणच लागतं. बसा, चहा घ्या, सांगते.

दहावीनंतर मी मावशीकडे कॅनडाला शिकायला गेले आणि गेल्या वर्षी परत आले. देश बदलायला! देश जरा मोठा निघाला, म्हणून म्हटलं घरापासून सुरुवात करू. घर म्हणजे दिल्लीच्या द्वारका भागातला आमचा फ्लॅट, आणि त्यातली कायम ओट्यापाशी उभी असलेली माझी आई.

मी लहान असताना आम्ही गुरुग्रामच्या पुढच्या थीम पार्कमध्ये गेलो होतो. बाबा आणि मी दिसेल त्या राइडमध्ये बसलो. आई? आई बाकावर बसून आमच्या चपला, स्वेटर आणि दशम्यांचा डबा सांभाळत होती. घरी येताना एवढंच म्हणाली, "ते मोठं झुलणारं जहाज होतं ना, त्यात मजा येत असेल, नाही?"

हे वाक्य मी कॅनडापर्यंत घेऊन गेले आणि तसंच परत आणलं. आईला त्या जहाजात बसवायचं, बस!

पण आता तिचे गुडघे दुखतात. रांगेत उभं राहणं शक्यच नाही. उपाय एकच: पार्कच्या आतल्या हॉटेलात राहायचं. तिथल्या पाहुण्यांना सकाळी बाकीच्यांच्या आधी आत सोडतात. रांग नाही, गर्दी नाही. फक्त त्या हॉटेलचं भाडं दर मोसमात असं चढत चाललंय की बघताना मान दुखावी.

बाबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर नजर टाकली आणि चष्मा काढून पुसला. त्यांना वाटलं काचेवर डाग आहे.

"एका रात्रीचे?"

"हो बाबा."

"अगं, यात नवा फ्रिज येतो! डबल डोअर!"

"बाबा, फ्रिजच्या आठवणी काढतं का कुणी?"

"बंद पडला की सगळेच काढतात," बाबा म्हणाले. "तुम्ही जा. मी घरी थांबून आहे त्या फ्रिजवर लक्ष ठेवतो."

आईची अडचण वेगळीच. "त्या शनिवारी माझं हळदीकुंकू असतं गं. रथसप्तमीच्या आधीचा शनिवार. बायका वाट बघतात."

"आई, दरवर्षी तू चार दिवस राबतेस आणि पाचव्या दिवशी गुडघ्यांना बाम चोळत बसतेस. यंदा सुट्टी! मी सगळ्यांना कळवते."

बरीच घासाघीस झाली. शेवटी आईने फोन माझ्या हातात दिला. "नीट कळव हं. कुणाला वाईट वाटता कामा नये."

इथेच, मंडळी, इथेच माती खाल्ली!

झालं काय, माझं लिहितं मराठी आता जरा गंजलंय. म्हणून मी आईचा गेल्या वर्षीचा मेसेज काढला आणि त्यातच फेरफार केले. वर करंड्याचं चित्र होतं, ते छान होतं, राहू दिलं. मधे लिहिलं, "यंदा हळदीकुंकवाच्या शनिवारी आम्ही घरी नाही, थीम पार्कच्या हॉटेलात असू." मी प्रामाणिकपणाची कट्टर भोक्त्री, म्हणून हॉटेलचा नकाशाही जोडला. आणि शेवटी होतं, "अगत्य येण्याचे करावे." म्हटलं, हे आपलं पत्राखालच्या 'आपली नम्र'सारखं असणार. नम्रता कशाला काढायची? ठेवली!

धडाधड उत्तरं आली. "वा, मस्त!" "नक्की!" "क्या बात है, भाभीजी!" मला भरून आलं. किती पुढारलेल्या आहेत या बायका! एका बाईच्या विश्रांतीचा केवढा हा आनंद!

शनिवारी धुकं निवळल्यावर आम्ही हॉटेलात पोचलो. वेबसाइटवर 'जंगलाचा देखावा' होता. आमच्या खिडकीतून जनरेटर दिसत होता, त्यावर वेली रंगवल्या होत्या. रिसेप्शनवरच्या प्रीतीने माझ्या मनगटाला एक पट्टा बांधला. त्याला पत्र्याचा छोटा हत्ती आणि एक किल्ली लटकत होती. ती काहीतरी समजावून सांगत होती, पण मी तेव्हा आईचे फोटो काढण्यात गुंग होते. शोभेचं असेल म्हटलं, गोड आहे.

आईने पाय पसरले. चहा आला. माझं चित्र पूर्ण होणार, तेवढ्यात खोलीतला फोन वाजला.

"मॅडम, आपके गेस्ट आए हैं."

"गेस्ट? कितने?"

प्रीती म्हणाली, "मॅडम, अभी तो आ ही रहे हैं."

खाली गेलो तर जिराफाखाली निम्मं महाराष्ट्र मंडळ! सगळ्यांच्या पुढे गाझियाबादच्या कुलकर्णी काकू, नथ घालून. शेजारच्या चड्ढा आंटी हिरव्यागार सूटमध्ये.

"अगं, मेट्रो बदलून, कॅब करून आले," काकू आईला म्हणाल्या, "पण काय जागा शोधलीस! नाहीतर आम्ही, दरवर्षी तोच सोफा आणि तीच उसळ!"

आईने हसून सगळ्यांचं स्वागत केलं आणि ओठ न हलवता मला विचारलं, "तू नक्की काय कळवलंस?"

मी मेसेज दाखवला. आईने शेवटची ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"अगत्य येण्याचे करावे?"

"ते... नम्रतेसाठी होतं."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं ही आता मला कॅनडाला परत पाठवणार. पण ती पदर खोचून म्हणाली, "दारात आलेल्या बायकांना कुंकू न लावता पाठवायचं? शक्य नाही. चल, कामाला लाग."

कुंकू काकूंच्या पर्समध्ये निघालं. हळद हॉटेलच्या किचनमधून वाटीभर आली. तिळगूळ बायकांनी आणलेलाच होता. पण वाण? हळदीकुंकवाला आलेल्या बाईला काहीतरी वस्तू भेट द्यायची असते. ती कुठून आणू?

आम्ही वर खोलीत आलो. आईने चौफेर नजर फिरवली. ती बाथरूममध्ये स्थिरावली. हत्तीच्या आकाराच्या शॅम्पूच्या बाटल्या!

"आई, नाही. हे नैतिकदृष्ट्या..."

"भाडं किती भरलंस?"

मी मुकाट्याने हाउसकीपिंगला फोन लावला. "भैया, शॅम्पू और चाहिए." थोड्या वेळाने परत, "भैया, और." तिसऱ्यांदा पलीकडून अदबीने विचारणा झाली, "मॅडम, कमरे में कितने लोग नहा रहे हैं?"

मग लॉबीत सोहळा रंगला. प्रीती धावत आली. "आंटी, ग्रुप इव्हेंट के लिए बँक्वेट बुक करना पड़ता है!"

"इव्हेंट कहाँ, बेटा? बस पाँच मिनट. तू भी आ, इधर."

आईचं हे 'इधर आ' आजवर कुणीही मोडलेलं नाही. प्रीती रांगेत लागली. तिला कुंकू लागलं, तिळगूळ मिळाला आणि तिच्याच हॉटेलचा शॅम्पू वाण म्हणून मिळाला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला!

इथवर माझी समजूत अशी, की जहाज बुडालं. आई पुन्हा पाहुण्यांच्या सरबराईतच अडकली. एवढं भाडं भरून मी काय केलं, तर ओटा बदलून दिला!

तेवढ्यात कुलकर्णी काकू म्हणाल्या, "इतक्या लांब आलोय, तर ते जहाज बघूनच जाऊ. तिकिटं आमची आम्ही काढतो. चल गं."

"मी? जहाजात? माझे गुडघे बघ."

"जहाजात काय गुडघ्यांवर उभं राहायचंय? बसायचंच तर आहे!"

"चलो भाभीजी," चड्ढा आंटींनी आईचा हात धरला, "डर लगा तो मैं आपसे ज़्यादा चिल्लाऊँगी."

मला दहा दिवस विनवून जे जमलं नसतं, ते या दोघींनी उभ्या उभ्या केलं. रांगेचं म्हणाल, तर बायकांनी आईला एका कठड्यावर बसवून रांग स्वतः धरली, आणि नंबर आला तशी हाक मारली.

जहाजाशी पोचल्यावर सगळ्या थबकल्या. पर्सा, शाली, चपला, तिळगुळाचे डबे. हे कुठे ठेवायचं? सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आईने आपल्या चपला माझ्या हातात दिल्या. "तुला सवय नाही, पण जमेल."

मी बाकावर बसले. हो, त्याच बाकावर, असं मी तरी मानते. मांडीवर पर्सांचा डोंगर, पायाशी चपलांचा बाजार, गळ्यात कुणाची तरी शाल. समोर जहाज वर गेलं आणि आईची किंकाळी ऐकू आली. मी घाबरून उठले, डबा सांडला, तिळगूळ चहूकडे! मग कळलं, ती किंकाळी नव्हती. आई हसत होती. इतक्या मोठ्यांदा हसताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

उतरल्यावर तिने चपला मागितल्या नाहीत. "परत एकदा," म्हणाली.

संध्याकाळी बाबांचा फोन. "काय, फ्रिज वसूल झाला का?"

आई म्हणाली, "अहो, व्याजासकट वसूल! पुढच्या वेळी तुम्हीही चला."

दुसऱ्या दिवशी पार्क उघडायच्या आधी आईनेच मला हलवून उठवलं. रिकाम्या जहाजात आम्ही दोघीच बसलो. मग चेकआउटला गेलो. प्रीती म्हणाली, "मॅडम, अगले साल रेट फिर बढ़ेगा. अभी बुक करें तो यही रेट मिलेगा."

मी आईकडे पाहिलं. ती जिराफाकडे पाहून, इथे किती बायका मावतील याचा अंदाज घेत होती. माझा निर्णय झाला. म्हटलं, "बुक कर दो. बस एक बात, सामान रखने का कुछ इंतज़ाम हो सकता है? कल मैं पूरा टाइम बेंच पर बैठी रही."

प्रीतीने आधी माझ्याकडे, मग माझ्या मनगटावरच्या पत्र्याच्या हत्तीकडे पाहिलं.

"मॅडम, ये लॉकर की चाबी है. जहाज के ठीक बगल में. कमरे के किराए में शामिल है. मैंने कल समझाया था ना?"

मी बुकिंग पक्कं केलं. आणि लगेच दुसराही निर्णय घेतला: हे बाबांना कळू द्यायचं नाही!