चार आठवड्यांची सुई

दर चार आठवड्यांनी एक सुई. बस्स, एवढंच काम! तेही या दोन शहाण्यांना जमलं नाही.

लोसालिने ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी, माझ्याच हाताखाली वाढलेली. अकराव्या वर्षी गुडघे सुजले, ताप आला आणि त्या तापाने हृदयाची झडप खराब केली. तेव्हापासून कुल्ल्यावर पेनिसिलिनची सुई. पुढचे दोन दिवस धड बसता येत नाही. शाळेत उभ्यानेच शिकवते. त्यात लोकांचं आपलं, "दिसतेस तर ठणठणीत!" डोकं फिरतं माझं. पाण्याची बादली उचलली तरी तिला धाप लागते, ते यांना कुठे दिसतं?

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. आमच्या टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुअलोफाच्या डॉक्टरने तिला बजावलं होतं, "वर्षभर एकही सुई चुकवू नकोस. मग झडप तपासू आणि मुलाचं बघू." पोरगी दिवस मोजत होती. नऊ सुया झाल्या. तेवढ्यात आमच्या बेटावरची नर्सबाई ऑकलंडला लेकाकडे निघून गेली आणि तिच्या जागी आला मानासे, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. घरचाच पोरगा नर्स होऊन आला म्हणून गावाने डुक्कर भाजलं. मी या वयात नाचले.

आमच्यात चुलतभाऊ म्हणजे सख्खाच. मिसरूड फुटलं की तो बहिणीच्या घरात झोपत नाही, तिच्यासोबत सिनेमासुद्धा बघत नाही. त्याच्यापुढे ती कपडे बाजूला करणार होती होय? पण नाचताना हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तीन महिन्यांनी चर्चच्या चार पायऱ्या चढताना लोसालिने मध्येच खाली बसली. ओठ निळे पडलेले. तिला धरून मी तडक दवाखाना गाठला.

"हिला सुई दिलीस का रे?"

मानासे जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, बोटीने मोठ्या बेटावर जाऊन घेत असेल. कसं विचारणार, आत्या?"

लोसालिनेचं भलतंच. "मला वाटलं, हा तिकडच्या नर्सला बोलावून घेईल. कसं सांगणार?"

तीन सुया बुडवल्या! कशापायी, तर आदरापायी! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मानासेने डॉक्टरला फोन लावला. स्पीकरवर डॉक्टरचा आवाज आला, "आत्ताच सुई दे आणि उद्याच्या बोटीने इकडे पाठव. वर्ष आता पहिल्यापासून मोजायचं. मुलाचं सध्या नाव काढू नका." लोसालिनेने ते ऐकलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली.

आमच्याकडे आत्याच्या शब्दापुढे बापाचंही चालत नाही. मी चादरीला कात्रीने भोक पाडलं, ती दोघांच्या मध्ये धरली आणि मानासेला म्हटलं, "टोच."

तोंडाचा पट्टा चालूच होता माझा. "तीन महिने काय तोंडं शिवली होती का रे तुमची?"

"आत्या," लोसालिने भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी तेरा वर्षांची होते. पोटात दुखत होतं म्हणून मानासेला दवाखान्यातून गोळी आणायला सांगितलं. तू माझ्या थोबाडीत मारलीस. भावाला असलं सांगतात का, म्हणालीस."

मला आठवत होतं.

मानासेने सुई टोचली. ती कळवळली, पण आवाज काढला नाही. तेही मीच शिकवलं होतं.