रंगूनहून पाच तास

अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारात सैफुद्दीन दर्ज्याचं दुकान होतं. त्याची एकुलती एक लेक मेहरबी लग्न होऊन रंगूनला गेली होती. जावई रज्जाक तिथं साहेबलोकांचे कोट शिवायचा. एकेचाळीसच्या डिसेंबरात रंगूनवर जपान्यांचे बॉम्ब पडले, आणि रहमतबीच्या, म्हणजे मेहरबीच्या आईच्या, घशाखाली घास उतरेना.

जानेवारीत तार आली. बोटीत जागा मिळाली होती, आठ दिवसांनी ती दोघं निघणार होती. पण जपानी बोटी बुडवतात असं जो तो सांगत होता. सैफुद्दीन तार घेऊन शाळेत रामकिसन मास्तरांकडे गेला.

"मास्तर, हवाई जहाजानं किती दूर पडते?"

मास्तरांनी नकाशावर पट्टी ठेवली. "रंगून ते कलकत्ता साडेसहाशे मैल. पाच तास लागतीन."

"पाचच? आमाले बैलगाडीनं अकोल्याले जायाले दीड दिवस लागते!"

त्याच पावली त्यानं जावयाला तार ठोकली, 'बोटीनं येऊ नका, विमानानं या.'

पाच तास विमानाचे, दोन दिवस आगगाडीचे, मग अकोल्याहून मोटार. चौथ्या दिवसापासून तो रोज मोटारीच्या वाटेवर उभा राहू लागला. फेब्रुवारी सरला, मार्चात रंगून पडलं. तरी मोटार दिसली की तो हातातलं कापड टाकून धावायचा.

जूनमध्ये मोटारीतून रज्जाक उतरला. एकटाच. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, गालफडं आत गेलेली. सैफुद्दीन त्याच्या मागं मोटारीत पाहत राहिला.

"मामू, कोनी नाई," रज्जाक म्हणाला.

घरी न जाता दोघं दुकानाच्या पायरीवर बसले. विमानतळावर ती दोघं सहा दिवस बसली होती. विमानं गोऱ्यांना घेऊन उडत होती, यांना फाटकातूनच हाकललं. शेवटी लोकांबरोबर ती डोंगराच्या वाटेनं पायी निघाली. अकराव्या दिवशी मेहरबीला पटकी झाली. दुपारपर्यंत सगळं संपलं. कबर खोदायला हत्यार नव्हतं, हातानं जेवढी माती निघाली तेवढीच तिच्यावर घातली.

"आन् बोट?" सैफुद्दीननं विचारलं.

रज्जाक पायाची चिंधी सोडू लागला.

"बोट पोचली कलकत्त्याले. सारे सलामत. तुमची तार आली म्हनून आमी जागा सोडली. मी म्हनत होतो बोटीनंच जाऊ. मेहरबी म्हने, अब्बा सांगून राह्यले तर विचार करूनच सांगत असतीन."

सैफुद्दीननं पायरी घट्ट धरली. "तिच्या मायले हे सांगू नको."

रज्जाकनं सांगितलं नाही. रहमतबी पुढं सहा वर्षं जगली. रोज सकाळी चूल पेटवताना ती विमानवाल्या गोऱ्यांना तळतळून शाप द्यायची, माझ्या लेकीला त्यांनी मारलं म्हणायची. सैफुद्दीन शेजारी बसून चहाची वाट पाहत ते सगळं ऐकायचा. एकदा त्यानं तोंड उघडलं होतं.

"काय म्हनता?" तिनं विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला.