मुलताईच्या बरंच अलीकडे

गेल्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास देडतलाईच्या पुढच्या चढावर आमच्या व्हॅनचा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आईला सांगितलं, पाऊण तास बॉनेटला हात लावायचा नाही.

ती म्हणाली, "दिवेलागणीपर्यंत मुलताईला पोचू ना?"

ही ट्रिप तिची होती. लग्न होऊन जळगावकडून नेपानगरला पेपर मिलच्या कॉलनीत आली, तेव्हापासून तापीचं पाणी पितेय... ती नदी मुलताईला जिथून निघते ते एकदा बघायचं, एवढंच तिचं म्हणणं. पण बाबा रात्री घराबाहेर राहत नाहीत, त्यामुळे तीही कधी राहिली नाही. तीस वर्षं.

म्हणून मी जुनी स्कूल व्हॅन घेतली. मी पुण्यात गाड्यांच्या पार्ट्सच्या टेस्टिंगमध्ये आहे. सुट्टी मिळेल तशी येऊन आई-बाबांच्या आताच्या घरासमोर त्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. एरवी गाडी बाबांच्या ताब्यात. ते मिलमधून रिटायर झालेले फिटर, पंपांवर आयुष्य गेलेलं.

निघण्याआधी मी चाळीस गोष्टींची चेकलिस्ट तपासली होती. होज, बेल्ट, फॅन, कूलंट, सगळं ठीक होतं... तरी काटा लाल.

देडतलाईहून मोटारसायकलवर एक मेकॅनिककाका आले. त्यांनी इंजिनवरचं एक झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, इसमें थर्मोस्टॅट है ही नहीं. काढलाय कोणीतरी. इकडे सगळेच काढतात, गर्मीचा इलाका आहे ना."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की उघडणारी एक छोटी झडप. ती काढली की पाणी मोकळं फिरेल आणि गाडी गार राहील, असा आमच्या भागात पक्का समज आहे. पण या इंजिनात ती झडप उघडताना पाण्याची एक आडवाट बंदही करते. झडपच नसेल, तर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच गरम परत फिरतं. सपाट रस्त्यावर कळत नाही. भरलेल्या गाडीत, चढावर कळतं.

मी काकांना विचारत होते की हे कुठल्या गॅरेजवाल्याचं काम असेल. आई मागच्या दारात बसली होती. तिथूनच म्हणाली, "गॅरेजवाल्याचं नाही. तुझ्या बाबांनी काढलं, दिवाळीनंतर. उजेडाला बॅटरी मीच धरली होती."

मी तिच्याकडे वळले.

"म्हणाले, पोरगी तुला घेऊन लांब जाणार, वाटेत गाडी तापायला नको. तिला सांगू नको, ती पुस्तक उघडून बसेल..."

तो पार्ट देडतलाईत मिळणार नव्हता. पुढे घाट होता. सोमवारी सकाळी माझी पुण्याची गाडी होती. मी दोनदा हिशोब करून पाहिला, उत्तर तेच आलं.

आई उतरली आणि रस्ता जिथे वर वळतो तिथपर्यंत चालत गेली. बराच वेळ पलीकडे बघत उभी राहिली. मग परत आली आणि तिनं डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्ही तिथेच, व्हॅनच्या सावलीत खाल्ला. काकांनाही बसवलं.

परतीला उतार आणि सपाट रस्ता. इंजिनची उष्णता बाहेर काढायला मी हीटर पूर्ण चालू ठेवला, स्पीड चाळीस. भर दुपारी पायांवर गरम हवा घेत आई साडीचा पदर सावरत बसली होती. नेपानगर मागे पडल्यावर म्हणाली, "त्यांना सांगू नको हं. महिनाभर धड जेवायचे नाहीत."

बाबा फाटकातच उभे होते. काय झालं म्हणून विचारलं.

"कूलंट नीट फिरत नव्हतं," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं... अपुरं होतं. ऑफिसात असा रिपोर्ट मी कोणाचा पास केला नसता.

रविवारी बाबा बाजारात गेल्यावर आईनं ड्रॉवरमधून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला थर्मोस्टॅट काढून दिला. मी तो पातेल्यात पाण्यात सोडून गॅसवर ठेवला, शेजारी थर्मामीटर धरला. ब्याऐंशी डिग्रीला झडप सरकायला लागली. आई वाकून बघत होती. म्हणाली, "चांगला होता की गं बिचारा."

बाबा यायच्या आत मी तो बसवला, हात धुतले आणि बॅग भरली.

काल बाबांचा फोन होता. तुझी आई दुपारी भाजी निवडायला व्हॅनमध्ये जाऊन बसते, म्हणाले. पुढच्या सीटवर, काच खाली करून. घरात पंखा आहे, तरी. विचारलं तर काही सांगत नाही... जरा बोल तिच्याशी.

बोलले. तिनं विचारलं, मे महिन्यातली तुझी रजा किती लांब आहे. मी म्हणाले, अकरा आठवडे. "मग काही फार नाही," ती म्हणाली.

तीस वर्षं थांबलेल्या बाईला अकरा आठवडे फार नसतील. मला आहेत.