पाहताना काय वाटलं

श्रीकृष्णराव पांढरीपांडे यांच्या हातून गेलेली फाईल कधी परत आली नाही. तहसीलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेमसिंग शिपाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "पांढरीपांडे साहेबानं बांधलेली फाईल म्हणजे जिल्ह्याचे बाबू बोट ठेवायले जागा शोधत बसते." बाविसाव्या वर्षी लिपिक म्हणून चिकटलेला हा माणूस राळेगाव, घाटंजी, केळापूर असा फिरत फिरत आता एकावन्नाव्या वर्षी अव्वल कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, खिशाला दोन पेनं, एक निळं नि एक लाल, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आयुष्यात हौस म्हणून काही केलं असेल तर ते एवढंच, की कधी उशीर केला नाही. अशी माणसं सरकारला फार आवडतात. म्हणूनच दोन हजार सहा साली नको ते टेबल त्यांच्या गळ्यात पडलं.

कापसानं जिल्ह्याची रया घालवली ती ही वर्षं. गावात कुणी स्वतःचा जीव दिला, की तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, डॉक्टरांचा दाखला असं सगळं जुळवून श्रीकृष्णराव प्रस्ताव तयार करत. मग समिती बसे आणि ठरवे, मरण पात्र की अपात्र. पात्र म्हणजे मागं राहिलेल्यांना मदत मिळणार, अपात्र म्हणजे घरी जा. हा निकाल कळवायचं कामही त्यांचंच. बायका येऊन टेबलासमोर उभ्या राहायच्या, श्रीकृष्णराव कागदात बघून सांगायचे. पहिल्या वर्षी त्यांना जेवण जात नसे. दुसऱ्या वर्षी जायला लागलं. तिसऱ्या वर्षी त्यांना काही वाटेनासंच झालं, आणि वाटत नाही याचंही काही वाटेना.

घरात हे आधी कळलं ते त्यांच्या बायकोला, सुहासिनीबाईंना. गेल्या दिवाळीत अमरावतीहून फोन आला, श्रीकृष्णरावांचे थोरले भाऊ गेले. यांनी फोनवर विचारलं काय, तर "नेमके किती वाजता? दाखल्यात वेळ टाकावी लागते." बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. श्रीकृष्णरावांना राग आला नाही. ते अमरावतीला गेले, खांदा दिला, तेराव्यापर्यंत थांबले, आणि सगळा वेळ रडू येण्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही. परतीच्या एसटीत त्यांनी झोप काढली.

आता त्यांच्या मुलीकडे वळू. स्पृहा वीस वर्षांची, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. लहानपणी बाजारातून आणलेल्या टीव्ही गेममध्ये निळ्या चिलखताचा एक बुटका शिपाई होता. तो पळायचा, उड्या मारायचा, खड्ड्यात पडला की मरायचा. तीन वेळा मेला की खेळ खलास. सगळी पोरं मोठी झाल्यावर असले खेळ विसरतात, स्पृहा विसरली नाही. त्या शिपायाची नखाएवढी बारीक बारीक चित्रं असतात, त्यांना स्प्राइट म्हणतात. ती गेममधून कापून काढायची, कॉम्प्युटरवर एकापुढे एक लावायची, आपला आवाज द्यायची आणि आपली गोष्ट रचायची. या गेमच्या मराठी वेड्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथं तिच्या मालिकेचे दहा भाग गाजले होते. तिचा शिपाई अस्सल वऱ्हाडी बोलायचा, आणि पुण्याकडची पोरं त्यावर जाम खूश असायची.

अकरावा भाग तिला वर्षातल्या सर्वोत्तम भागाच्या निवडीला पाठवायचा होता. कट्ट्याचा नियम असा की, सोबत बाहेरच्या माणसाचं परीक्षण हवं, म्हणजे ज्यानं तो गेम कधी हातात धरला नाही अशाचं. रकाने पाच : गोष्ट, चित्रं, हालचाल, आवाज, आणि पाहताना काय वाटलं. आईला सांगितलं असतं तर आईनं पदर खोचून पानभर कौतुक लिहून दिलं असतं. स्पृहानं बाबांना सांगितलं.

"मले त्यातलं काय समजते?" श्रीकृष्णराव म्हणाले.

"समजत नाही म्हणूनच. आणि तुमच्याएवढं नीट कोणी लिहिते का?"

रविवार होता. भारनियमनात लाईट बारा ते चार एवढीच असे, म्हणून जेवणं उरकून साडेबाराला ते कॉम्प्युटरसमोर बसले. निळं पेन काढलं. सुहासिनीबाई हातातलं ताट पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

भाग आठ मिनिटांचा. शिपाई तिसऱ्यांदा खड्ड्यात पडतो, पण या वेळी खेळ संपत नाही. तो एका लांब रांगेत उभा असतो. रांगेत सगळे त्याच्यासारखेच, निळे, बुटके. रांगेच्या टोकाला एक खिडकी, खिडकीत एक कारकून. प्रत्येकाला एकच प्रश्न : "पडला का उडी मारली?" पडला असेल तर पात्र, पुन्हा खेळात जा. उडी मारली असेल तर अपात्र, बाजूला हो. ठप्प, शिक्का. शिपायाचा नंबर येतो. तो म्हणतो, "मले नाही माहीत जी. मी पळून राह्यलो होतो, समोर जमीनच सरली." कारकून पुन्हा विचारतो, "पडला का उडी मारली?" शिपाई पुन्हा तेच सांगतो. ठप्प. काय शिक्का मारला ते दिसत नाही, आणि भाग संपतो.

त्या कारकुनाच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं नि एक लाल. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सुहासिनीबाईंनी पहिल्याच झटक्यात ओळखलं. ताट तसंच ओलं घेऊन त्या आत निघून गेल्या. स्पृहा मात्र तिथंच उभी होती. महिनाभर तिनं याच आठ मिनिटांसाठी डोळे फोडले होते. तिला वर्षाची निवडबिवड नको होती, हे सांगून टाकतो. जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते तिनं चित्रांत बोलून पाहिलं होतं, आणि आपल्या बापाच्या आत अजून काही हलतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

बाप लिहीत होता. तासाभरानं त्यांनी कागद तिच्या हातात दिला. मथळा : "अकराव्या भागाचे परीक्षण. आज रोजी दुपारी १२.३५ वाजता राहते घरी समक्ष पाहिले ते असे." गोष्टीच्या रकान्यात मुद्देसूद आक्षेप होते. खिडकीवरील कारकुनास एकट्याने पात्र-अपात्र ठरविण्याचा अधिकार नाही, समिती दाखवावी. जबाब घेतल्यावर सही अथवा अंगठा घेतलेला नाही. आवक नोंद न करता शिक्का मारला आहे, सबब तो ग्राह्य नाही. चित्रांबद्दल : "कारकून हुबेहूब वाटतो." आवाजाबद्दल : "स्पष्ट." पाचवा रकाना कोरा.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. स्पृहाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पुसलं, बाबांच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि कागदाच्या डोक्यावर लिहिलं, "रकाना ५ कोरा. त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे." बापाच्या हातात कागद ठेवला आणि आत गेली.

आता बघा गंमत. भाऊ गेला तेव्हा जो माणूस ढिम्म राहिला, तो या लाल ओळीनं अस्वस्थ झाला. एकोणतीस वर्षांत त्यांचा कागद कुणी परत केला नव्हता. सोमवारी कागद घडी करून त्यांनी ऑफिसात नेला. डबा खाताना तो उघडला, बघितला, पुन्हा घडी केली.

"काय आहे जी साहेब?" नेमसिंगनं विचारलं.

"पोरीनं सिनेमा केला. पाहून काय वाटलं ते लिहायचं आहे."

"मंग लिहून टाका ना, लय चांगलं वाटलं म्हणून! तुमच्या बापाचं काय जाते?"

नेमसिंगचं बरोबर होतं, जगात बहुतेक परीक्षणं अशीच लिहिली जातात. पण श्रीकृष्णरावांना रकान्यात खोटं लिहिता येत नव्हतं, आणि खरं लिहावं तर आत काही सापडत नव्हतं. त्यांनी मन लावून शोधलं. कपाटातली एखादी संचिका शोधावी तसं वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत शोधलं. काहीच नव्हतं. त्यांना थोडी भीती वाटेल असं वाटलं होतं, तीही वाटली नाही.

बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भावाच्या तेराव्यानंतरची पहिली. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? ते म्हणाले, घरी पाहणी आहे. त्या आठवड्यात लाईट दोन ते सहा होती. दोनच्या ठोक्याला कॉम्प्युटर सुरू करून ते बसले. पहिल्यांदा नीट पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिलं. तिसऱ्यांदा कागदावर रेघोट्या ओढत पाहिलं. साडेतीनला स्पृहा कॉलेजातून आली तेव्हा ते रेघोट्या मोजत होते.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"काय एक्केचाळीस?"

"शिक्के. कारकून एक्केचाळीस वेळा शिक्का मारते. आणि एकदाही मान वर करत नाही. माणूस समोर उभा राहून बोलून राह्यला, अन् हा कागदातच. हे चुकलं तुझं. हालचालीच्या रकान्यात लिहितो मी."

स्पृहा दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी राहिली. उत्तर तयार होतं, पण ते द्यावं की नाही हे तिला कळेना.

"चुकलं नाही बाबा," शेवटी ती म्हणाली. "शिपाई गेममधला आहे, त्याची चित्रं मले तयार भेटली. पळताना, पडताना, सगळी. कारकून गेममध्ये नव्हताच. तो मी पाहून पाहून काढला. दोनच चित्रं जमली. शिक्का वर, शिक्का खाली. मान वर केलेलं कायले काढीन मी? तसं मी कधी पाहिलंच नाही."

श्रीकृष्णराव पडद्याकडे बघत राहिले. मग सावकाश त्यांची नजर खाली, स्वतःच्या खिशाकडे गेली. खिशात दोन पेनं होती.

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. स्पृहाला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण त्यांचा चेहरा होता तसाच राहिला, नि आवाजही.

"मंग आता काढ," ते म्हणाले. "मी करतो मान वर."

तिनं चौकटीची वही आणि पेन्सिल आणली, समोर स्टूल घेऊन बसली. श्रीकृष्णरावांनी मान वर केली. मान वर झाली, पण बघणं काही झालं नाही. आधारकाठी लावलेल्या रोपासारखे ते ताठ बसून राहिले.

"असं नाही, बाबा. कोणी खिडकीशी आलं आहे, अन् तुम्ही त्याच्याकडे पाहून राह्यले, असं."

"कोण आलं आहे?"

"ते तुम्ही सांगा ना."

श्रीकृष्णरावांनी दाराच्या दिशेनं बघितलं. दारात कुणीच नव्हतं. बाहेर उन्हात वाळत घातलेली मिरची तेवढी होती. स्पृहानं चष्म्याच्या दोन चौकटी काढल्या, नाकाला चार घरं दिली.

"धुरपताबाई," ते म्हणाले.

स्पृहानं वर पाहिलं.

"कोलामांच्या पोडावरची. मुलाचे कागद होते. तीनदा आली. हातात त्याची चप्पल घेऊन यायची, पिशवीत. मले म्हणे, दाखवू का? मी म्हटलं, चपलेची गरज नाही. अपात्र." त्यांचा आवाज जावक रजिस्टर वाचून दाखवावा तसा सपाट होता. "बसंतीबाई. तांड्यावरची, भीमसिंगची घरवाली. पात्र. तिले पात्र म्हणजे काय ते समजलं नाही. तिले वाटलं, तो परत येते. मी पुढचा कागद घेतला. विमलताई. अपात्र. मले म्हणाली, तुमचा चहा थंडा होऊन राह्यला."

त्यांना वाटायचं, आपल्याला यातलं काही आठवत नाही. ते सगळं क्रमानं येत होतं. नाव, गाव, पात्र, अपात्र, टेबलाच्या कडेला कुणाच्या लुगड्याचा पदर दिसला ते, कुणी काय विचारलं ते. त्या वेळी त्यांनी वर बघितलं नव्हतं, म्हणून बहुतेक जणींचे त्यांना फक्त हात आठवत होते, आणि ते हातच ते सांगत होते. बांगड्या नसलेले, मेंदी अजून न गेलेले, एकीचं तर्जनीचं पेर तुटलेलं. डोळे कोरडे होते. दाराकडची नजर त्यांनी हलवली नाही. सुहासिनीबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. स्पृहाची पेन्सिल केव्हाच थांबली होती, तिला वहीतल्या चौकटी दिसत नव्हत्या.

विसाव्या की बाविसाव्या नावाला ते थांबले.

"झालं का चित्र?"

"नाही, बाबा."

"मंग बसतो," श्रीकृष्णराव म्हणाले, आणि मान तशीच वर ठेवली. "अजून खूप जणी आहेत."